उत्तरेपासून सोळा अंश

ढुंढिराजगुरुजींनी पाठवलेलं ठिकाण नीरजाने मोबाइलवर उघडलं, दोन बोटांनी मोठं केलं, आणि छप्पर दिसलं तशी तिची बोटं काचेवरच राहिली. वरून, आभाळातून घेतलेलं चित्र. पळीसारखा रस्ता, लांब दांडा आणि शेवटी गोल; त्या गोलाच्या कडेला काटकोनात वळलेलं करडं छप्पर; मागे लाकडी ओटा, त्याच्या तीन पायऱ्या. ओटा आता तांबडा दिसत होता. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की अरे, यांनी ओटा रंगवून घेतला. बाकीचं यायला वेळ लागला. बोट दारात चेमटलं की आधी आवाज येतो आणि मग कळ, तसं. खाली गुरुजींचा निरोप होता: ‘ताई, एक दिशा काढायची आहे. कॅल्गरी, कॅनडा. बटूचं नाव रोहन. फॉर्म आईने भरला आहे, बकुळ केळकर. मुंज पुढच्या रविवारी. जरा जल्दी बघा.’ बकुळ म्हणजे तिची सून, माहेरच्या आडनावाने. रोहन म्हणजे नातू. मुकुल, तिचा एकुलता एक मुलगा, निरोपात कुठेच नव्हता, पण त्या छपराखाली होता. त्याच्याकडे मुंज निघाली होती आणि ती तिला कळली होती ती अशी, परक्या यजमानाचं काम म्हणून.

पंखा गरम हवा फिरवत होता. जूनमध्ये मुन्शी घाटामागच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या तापून तव्यासारख्या होतात. खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं आणि ती चालू होत नव्हती. नीरजाने मोबाइल उपडा ठेवला, उठून माठातलं पाणी प्यायली, परत येऊन मोबाइल सुलटा केला. छप्पर होतं तिथेच होतं. छपरं कुठे जातात?

हे दिशेचं काम तिच्या गळ्यात पडलं त्यालाही आता तीन वर्षं होऊन गेली. मुंजीत एक गमतीचा भाग असतो. सोडमुंज झाली की बटू काठी आणि छत्री घेऊन विद्या शिकायला काशीला निघतो. सात पावलं टाकतो न टाकतो तोच मामा आडवा येतो, ‘जाऊ नकोस बाबा, माझी मुलगी देईन तुला,’ म्हणतो, आणि बटू मुलीच्या लोभाने परततो. पुण्या-नागपूरकडे कुणी दिशाबिशा बघत नाही. दार जिकडे, काशी तिकडे. पण परदेशातल्या माणसांना सगळं बरोबर हवं असतं. दूर गेलं की माणूस नेमका होतो. रामघाटावरच्या आपल्या खोलीत बसून मोबाइलवरून मुंजी लावणाऱ्या ढुंढिराजगुरुजींना ही माणसं हटकून विचारायची, ‘गुरुजी, इथून काशी कुठल्या बाजूला?’ आणि गुरुजी ठोकून द्यायचे, ‘पूर्वेला. आणखी कुठे?’ श्रीनिवासच्या, म्हणजे नवऱ्याच्या, वर्षश्राद्धाला नीरजा त्यांच्या खोलीत पहिल्यांदा गेली होती, आणि दर्भ हातात धरून बसली असतानाच त्यांचं हे असलं उत्तर तिच्या कानावर पडलं. न्यू जर्सीचं गिऱ्हाईक होतं. श्राद्धाला बसलेल्या बाईने मध्ये बोलू नये हे तिला समजत होतं. तरी ती बोलली.

“गुरुजी, न्यू जर्सीहून काशी पूर्वेला नाही. उत्तरेला आहे.”

“उत्तरेला?” गुरुजींनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं. “उत्तरेला अस्वलं असतात, ताई. बर्फावरची.”

“असतात. त्यांच्या डोक्यावरूनच यायचं. तोच सरळ रस्ता.”

“आणि पूर्वेला नाकासमोर गेला तर?”

“आफ्रिकेत जाईल.”

गुरुजी म्हणाले, “म्हणजे दोन वर्षांत माझे सगळे बटू आफ्रिकेत? राम राम राम. अहो, मामांनी अडवलं म्हणून बचावले की हो पोरं!” आणि ते इतके हसले की श्राद्धाच्या पानावरचा कावळासुद्धा उडाला. त्या दिवसापासून दिशा तिने काढायची असं ठरलं. मुलगा परदेशात असतो एवढंच त्यांना तिच्याबद्दल माहीत होतं. कुठे, काय नाव, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. बनारसमध्ये निम्म्या म्हाताऱ्यांची मुलं परदेशात असतात. एकाबद्दल विचारलं की सगळ्यांबद्दल ऐकावं लागतं.

शाळेत गणितात तिला कधी साठाच्या वर मिळाले नव्हते. विद्यापीठाच्या भूगोल विभागात एकतीस वर्षं ती नकाशे सांभाळत होती. गुंडाळी सोडायची, वाळवी बघायची, गुंडाळी बांधायची. त्या खोलीत पितळी बैठकीचा एक मोठा पृथ्वीगोल होता आणि त्याला बांधलेला एक दोरा. दुपारी कोणी नसलं की ती दोऱ्याचं एक टोक काशीवर अंगठ्याने दाबायची आणि दुसरं न्यूयॉर्कवर ओढून धरायची. भिंतीवरच्या नकाशात जे गाव थेट पश्चिमेला दिसायचं, त्याच्याकडे जाताना दोरा वर सरकत सरकत ध्रुवापाशी जाऊन बसायचा. ती बळेच खाली ओढायची. तो पुन्हा वर. ताणलेला दोरा खोटं बोलत नाही. तोच दोरा पुढे ओढत नेला की गोलाला पुरा वेढा पडतो, कलिंगड बरोबर मधोमध कापावं तसा. बृहद्‌वृत्त, असं पुस्तकात नाव होतं. निवृत्त झाल्यावर मुकुलने टाकून दिलेल्या लॅपटॉपवर ती हे सगळं आकड्यांत करायला शिकली, थोडं ग्रंथालयातल्या पुस्तकातून, थोडं चुकून. कलिंगडाला दोन रबरबँड लावा, दोन्ही मधोमध. ते एकमेकांना कापणारच. न कापता राहूच शकत नाहीत. आणि कापतील ते दोनदा, एकदा या अंगाला आणि एकदा बरोबर उलट्या अंगाला. प्रत्येक रबरबँडला गाडीच्या चाकासारखा आस कल्पायचा. दोन्ही आसांशी काटकोन करणारी रेघ गोलाला जिथे भोसकते, तिथे छेद. आकडे घातले की दोन ठिकाणं निघतात, एक अधिक, एक उणे. यातलं कुठलं खरं हे गणित सांगत नाही. ते माणसाने बघायचं.

यावरून तिने आपला ताळा बसवला होता. नव्या यजमानाची रेघ काढायची, मग जुन्यातल्या कुठल्याही एकाची रेघ घ्यायची, आणि दोन्ही कुठे कापतात ते बघायचं. काशीत कापली तर दिशा बरोबर. ऑकलंडचा एक बटू, सिंगापूरचे दोन, एडमंटनची जुळी भावंडं. एकमेकांची नावंही माहीत नसलेली ही पोरं तिच्या रकान्यांत जोडीजोडीने काशीला यायची. दुसरं उत्तर दर वेळी एकच निघायचं: चिलीच्या किनाऱ्यापासून अडीच हजार किलोमीटर आत, पॅसिफिकमध्ये. काशीवरून पुढे सरळ चालत राहिलेले सगळे तिथे पुन्हा भेटले असते. तिथे बेटसुद्धा नाही. तिने बघितलं होतं. ते उत्तर ती पुसून टाकायची.

तर तिने कॅल्गरीचे आकडे घातले. दुसरं काय करणार? हात कामाला लागले की डोकं गप्प बसतं हा तिचा जुना अनुभव. अंतराच्या रकान्यात चार हजार किलोमीटर आलं आणि ती बघतच राहिली. मुकुल चार हजार किलोमीटरवर? मग दिसलं की पश्चिम रेखांशाचं उणे चिन्ह द्यायचं राहिलंय आणि लेकाचं घर उचलून मंगोलियाच्या वर कुठेतरी ठेवलं गेलंय. असली चूक तिने तीन वर्षांत केली नव्हती. तिने लगेच दुरुस्त केली नाही. चहा ठेवला, तो उतू जाऊ दिला, पुसला, आणि तेवढा वेळ मुकुलला मंगोलियात राहू दिलं. तिकडे घोडे असतात म्हणे. मग परत येऊन उणे चिन्ह घातलं. अकरा हजार तीनशे साठ. दिशा उत्तरेपासून पश्चिमेकडे सोळा अंश. गुरुजींना पूर्ण अंशच लागतात. अपूर्णांक सांगितला की यजमान घाबरतात.

ताळ्याला तिने एडमंटन घेतलं, हाताशी आलं म्हणून. उत्तर आलं कोलंबोच्या आसपास. काशीला निघालेला नातू लंकेत! एरवी ती हसली असती. पुन्हा केलं, पुन्हा लंका. मग आकडे सोडून तिने रेघांकडे पाहिलं आणि उमगलं. एडमंटन कॅल्गरीच्याच वरच्या अंगाला, तीनशे किलोमीटरवर. दोन्ही रेघा ध्रुवाजवळून जवळजवळ एकाच वाटेने येतात, त्यांच्यात जेमतेम एका अंशाचं अंतर. रेघा आडव्यातिडव्या असल्या की छेद ठणठणीत मिळतो. पण दोन रेघा इतक्या सारख्या असल्या की त्या नेमक्या कुठे भेटतात ते सांगता येत नाही. अपूर्णांक सोडून दिल्याने पाव अंश इकडे-तिकडे झालं की भेटीची जागा दोन हजार किलोमीटर घसरते. तिने एडमंटन पुसून ऑकलंड घातलं. छेद मुगलसरायच्या आसपास आला. गुरुजींच्या हिशेबी ती काशीच.

पण तिचं मन मागल्याच रेघांवर बसून राहिलं. मुकुल तिच्यावर गेलाय असं सगळे म्हणायचे. नाक नव्हे, हनुवटी नव्हे. तो रुसला की जेवण टाकायचा नाही, उलट ताट चाटूनपुसून जेवायचा आणि शब्द बोलायचा नाही, तसा. ती तशीच. श्रीनिवासचं बरं होतं, तो रागवायचा, भांडी आपटायचा, पाच मिनिटांनी विचारायचा, चहा करतेस का. त्याच्याशी भांडण कुठे सुरू झालं आणि कुठे मिटलं हे बोट ठेवून दाखवता यायचं. तो गेला तो एकवीस सालच्या मे महिन्यात, विमानं बंद होती तेव्हा. अग्नी शेजारच्या कुशलने दिला आणि मुकुलने तो मोबाइलवर पाहिला. विमानं सुरू झाली तेव्हा मुकुल म्हणाला, “येतो.” ती म्हणाली, “आता येऊन काय बघणार?” तिला म्हणायचं होतं, ये. तिला वाटलं, हे त्याला कळेल. त्याला वाटलं असेल, आईला म्हणायचं असतं तर म्हणाली असती. पुढे त्याने तीनदा बोलावलं. कायमची ये, सहा महिने ये, रोहनच्या सुट्टीपुरती तरी ये. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, “तिथे तुझं आहे कोण?” आणि ती म्हणाली, “इथे निदान हे कोणी विचारत नाही.” मग आणखी एक वाक्य. ते तिला शब्दन्‌ शब्द आठवत होतं, कारण बोलताना ते फार छान वाटलं होतं: “मला बोलावत जाऊ नकोस, मुकुल. तू बोलावतोस आणि नाही म्हणायचं पाप माझ्या माथी येतं.” पलीकडून, “बरं.” त्यानंतर दिवाळी, पाडवा, वाढदिवस. रोहन पडद्यात नाक खुपसून ‘हाय आजी’ म्हणायचा, आणि मागून कोणीतरी ‘नमस्कार म्हण’ म्हणायचं.

आता त्याने बोलावलं नव्हतं. सांगितल्यासारखं वागला होता. गुणी मुलगा.

संध्याकाळी तिने गुरुजींना निरोप पाठवला: ‘उत्तरेपासून पश्चिमेकडे सोळा अंश.’ दर वेळी पाठवायची तसाच. पाठवल्यावर तिला वाटलं, आज ना उद्या मुकुलचा फोन येईल. सोमवारी नाही आला. मंगळवारी ती मोबाइल न्हाणीघरात घेऊन गेली. आपण स्वतः करावा तर काय म्हणून? ‘तुझ्या घराची दिशा माझ्याकडे आली आहे’? त्यातून असं दिसलं असतं की बोलावणं मागते आहे. आणि मागतच होती; म्हणून तर करता येत नव्हता. बुधवारी तिने दोन सदऱ्यांचं पांढरं कापड आणलं, आठ वर्षांच्या मुलाच्या मापाचं दुकानदाराला हाताने दाखवून, आणि घरी येऊन ते कपाटात चादरींच्या खाली ठेवलं. गुरुवारी फोन वाजला तो गुरुजींचा.

“ताई, त्या कॅनडावाल्यांची आफत झाली. मोबाइलची सुई नाचते म्हणे. घरात लोखंड फार. खालच्या खोलीत एक दिशा दाखवते, वर दुसरी. शनिवारी सकाळी आठ वाजता रंगीत तालीम घेतोय. तुम्हीच या आणि समजावून सांगा.”

“मी लिहून देते, गुरुजी. तुम्ही वाचा.”

“मी वाचीन हो. पण मला डावं-उजवं पडद्यावर उलटं दिसतं. मागे एका बटूला मी न्हाणीघरात नेलं.”

“चिठ्ठीत सगळं लिहिते,” ती म्हणाली. “शेजारी बसते.”

शुक्रवारभर तिने कॅल्गरीचा सूर्य काढला. इथे शनिवारी सकाळचे आठ, म्हणजे तिथे शुक्रवारी रात्रीचे साडेआठ, आणि जूनमध्ये तिथे साडेआठलाही लख्ख ऊन असतं. सुई नाचू दे, सूर्य नाचत नाही. सूर्याकडे तोंड करायचं आणि तिथून उजवीकडे पन्नास अंश वळायचं. काटकोनाच्या अर्ध्याहून थोडंसं जास्त. तिने हे मोठ्या अक्षरांत लिहिलं, घडी घातली आणि शनिवारी घाटाघाटाने चालत, दोन ठिकाणी पायऱ्या उतरून-चढून, रामघाटावर पावणेआठला पोचली. धापसुद्धा लागली नाही. भोसले घाटाच्या पायऱ्यांवर तिने एकदा विचार केला की परत फिरावं, आणि परत फिरायलाही पायऱ्याच होत्या.

गुरुजींनी मोबाइल पाटावर तांब्याला टेकवून उभा केला होता. ती पाटाच्या बाजूला, पडद्याबाहेर, भिंतीला टेकून बसली. तिथून तिला पडदा तिरपा दिसायचा आणि ती कोणाला दिसायची नाही. बकुळ आली, नमस्कार करून म्हणाली, मुकुल फुलांचं विचारायला गेलाय, येईलच, हा रोहन, मी कुकर बंद करून येते. मग पडद्यात नुसता रोहन उरला. उंच झाला होता. पुढचे दोन दात नवे, तोंडाला मोठे. खिडकीतून आलेलं पिवळं ऊन त्याच्या एका कानातून आरपार जात होतं. नीरजाने श्वास आवाज न करता घ्यायचा असं ठरवलं आणि तो मोजू लागली.

“हां बेटा रोहन,” गुरुजींनी चिठ्ठी उलगडली. “सूर्याकडे तोंड कर. शाबास. आता, अं, आपल्या उजवीकडे… इकडे. इकडे वळायचं.” आणि त्यांनी स्वतःचा हात दाखवला. पोरगा आरशात बघितल्यासारखा उलटा वळला. डावीकडे. आणखी डावीकडे. “बहुत अच्छा!” गुरुजी म्हणाले. “तीच काशी!”

“नाही!” नीरजा म्हणाली. “उजवीकडे. जेवतोस त्या हाताकडे.”

बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण बोललो. पडद्यातला मुलगा गर्रकन फिरला आणि मोबाइलजवळ आला; नुसते डोळे आणि नवे दात दिसू लागले.

“आजी? आजी, तू आहेस? कुठे आहेस?”

गुरुजींच्या तोंडातलं पान थांबलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग काही न विचारता तांब्या हळूच तिच्या बाजूला वळवला. आता ती दिसत होती. चष्मा नाकावर घसरलेला, कपाळाला घाम.

“इथे आहे रे.”

“तू गुरुजींकडे काय करतेस?”

“दिशा काढते.”

“ओह.” त्याला ते पुरेसं वाटलं. “आजी, तुझे नीज अजून दुखतात? गुडघे? बाबा म्हणाला, आजीला यायचं होतं खूप, पण तिचे गुडघे इतके दुखतात की तिला विमानात बसताच येत नाही. म्हणून ती नाही येत.”

त्याच्या मागे दार उघडलं होतं. मुकुल आत आला होता, हातात फुलांची खोकी, एकावर एक दोन, वरच्या खोक्यावर हनुवटी टेकवलेली. तो तसाच उभा राहिला. केस कानाजवळ पांढरे झालेले. श्रीनिवासचे याच जागी झाले होते. त्याने ऐकलं होतं. त्याच्या तोंडावरून कळत होतं की ऐकलं होतं आणि आता आईचं उत्तर ऐकायला तो थांबला होता, लहानपणी खोटं पकडलं जाण्याआधी थांबायचा तसा, पापणी न हलवता.

“हो ना रे,” नीरजा म्हणाली. “फार दुखतात. जिना उतरायचा म्हटला तरी नको होतं.”

“डॉक्टरकडे जा ना.”

“जाते.”

मुकुलने खोकी जमिनीवर ठेवली. सावकाश ठेवली, जणू त्यांत काच होती. ठेवून झाल्यावरही तो लगेच सरळ झाला नाही. मग म्हणाला, “आई.”

“अं?”

पलीकडे कुकरची वाफ सुटली. तिला वाटलं आता तो म्हणेल. काय म्हणेल ते तिला ठाऊक नव्हतं. काहीही म्हणाला असता तरी तिने या वेळी हो म्हणायचं ठरवलं होतं, आत्ता, या क्षणी ठरवलं होतं. आणि त्याच वेळी तिला हेही दिसलं, की तोही तसाच उभा आहे, तीच काहीतरी म्हणेल म्हणून.

“त्याला जरा नीट उभा कर,” मुकुल म्हणाला. “तो वेंधळा आहे.”

“करते,” ती म्हणाली. “रोहन, जा बाळ, मागे जा. पुन्हा सूर्याकडे तोंड कर. हं. आता जेवायच्या हाताकडे वळ. हळू. अजून. अजून थोडा. काटकोन नको रे, इतका नको, जरा परत ये. बस. बस, बस. हलू नकोस.”

तो थांबला. त्यांनी मोबाइल खोलीच्या दक्षिणेच्या भिंतीला ठेवला होता, त्यामुळे आता पडद्यात त्याची पाठ होती. बनियनबाहेर आलेली खांद्याची दोन हाडं, मानेवर घामाने चिकटलेले केस. काशीकडे तोंड करून तो ताठ उभा होता, आणि काशीत बसून तिला त्याचं तोंड दिसत नव्हतं.

“आता बरोबर, आजी?” त्याने मान न वळवता विचारलं.

“अगदी बरोबर.”

“मग चालू?”

“चाल. सात पावलं.”

तो निघाला. मोठी पावलं टाकत, मोठ्याने मोजत, पडद्यात लहान होत गेला. पाचव्याला पलीकडच्या खोलीच्या उंबऱ्यात पोचला आणि थबकला.

“अजून?”

“अजून,” नीरजा म्हणाली. “दोन राहिलीत.”